चौकटीवरचा डोळा

आई गेल्याचं कळल्यावर हेमलता तिच्या दारात पोचली आणि तिनं नकळत ओढणीनं तोंड झाकलं. निराधार अनुदान मिळणाऱ्या प्रत्येक घराच्या चौकटीवर सरकारी डोळा असायचा, बघणारा आणि ऐकणारा कॅमेरा. कमावतं मूल दारात दिसलं किंवा फोनवर बोललं, तर अनुदान बंद. हेमलताच्या पगारात दोन घरं चालत नव्हती. म्हणून तीन वर्षं मायलेकींनी भेटणं-बोलणं सोडलं होतं.

“अगं, आता कुणापासून लपतेस?” शेजारच्या सुमनमावशी म्हणाल्या. “तो मेला डोळा महिन्यापूर्वीच काढून नेला. तुझ्या आईनंच अर्ज दिला, अनुदान नको म्हणून.”

“मग खात काय होती?”

“माझ्याबरोबर पापड लाटायची. म्हणायची, आता लेक घरात येईल.”

“मला कळवायचं तरी, मावशी.”

“कळवते म्हटलं, तर मलाच दटावलं. म्हणाली, मीच सांगणार, मला तिचा आवाज ऐकायचाय. रोज संध्याकाळी फोन लावायची.”

हेमलतानं ओढणी खाली घेतली. आई नियम विसरायला लागली, असं समजून महिनाभर तिनं तो फोन रोज कापला होता.

चौकटीवर डोळ्याच्या स्क्रूची दोन भोकं होती. आईनं त्यांत खिळे ठोकून तोरण बांधलं होतं.