पावर सप्लायचा दोष

"मुंजाजी, हा हलका बसवावा का हा जड?" वीरुपाक्षनं विचारलं. मुंजाजी रेडिओवाल्यानं कान खाजवला. मुंजाजी कान खाजवायला लागला की समजावं, त्यालाही माहीत नाही.

किराणा दुकानाच्या फळीवर दोन पावर सप्लाय मांडले होते. एक हैदराबादहून आलेला, फुलासारखा हलका. दुसरा मुंजाजीनं स्वतः तार गुंडाळून केलेला, उचलताना कंबर धरावी असा. दोन्हींचं काम एकच, शेजारच्या खोलीतल्या विमानाच्या व्हिडिओ गेमला वीज पुरवायची. अख्ख्या गंगाखेडात तेवढं एकच मशीन होतं आणि त्याला वेड लागलं होतं.

पोरं पैसे देत, वीरुपाक्ष मागचं बटण दाबी, खेळ सुरू होई. गुणांचा सगळ्यात मोठा आकडा पडद्यावर राही आणि तो मोडायला पोरं जिवाचं रान करत. शेवटी शेवटी लाल विमान येतं, असं मशीन विकणाऱ्यानं सांगितलं होतं. ते गंगाखेडात कुणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. मशीन बंद केलं की आकडा पुसला जाई, म्हणून दुपारी पुढच्या दाराला आतून कडी घालून बापलेक आडवे झाले तरी ते चालूच असे. आणि उठून बघावं तर आकडा दुप्पट! आत चिटपाखरू नाही.

पोरं भडकली. "तुमचं मशीन लबाड हाय, एकटंच खेळायलंय," म्हणाली आणि फिरकेनाशी झाली.

मुंजाजीचं निदान ठाम होतं. "पावर सप्लायचा दोष. व्होल्टेज चढलं की आकडे उड्या मारत्यात." खेळायच्या दांड्याची पांढरी मूठ पिवळी पडली होती. तोही पावर सप्लायचाच दोष, तापतंय म्हणून. समोरचं स्टूल रोज जागेवरून हललेलं असे. हादरे बसतात म्हणून. वीरुपाक्षनं पोटदुखी सांगितली असती तरी मुंजाजीनं पावर सप्लायच बदलला असता.

वीरुपाक्षचा बाप चन्नप्पा गूळ तोलत होता. त्यानं गूळ बाजूला केला आणि दोन्ही पावर सप्लाय तराजूच्या दोन पारड्यांत घातले.

"वजन हाय तिथं माल हाय. जड घे," तो म्हणाला. "अन् एवढ्यानं सुधरलं न्हाई तर हे पोखर्णीच्या जत्रंत मांडायचं बिंडायचं काई न्हाई. ते डबडं भंगारात, अन् तू हितं गूळ तोलायला."

गूळ, गुळावरच्या माशा आणि आप्पाची म्हणी सांगायची खोड, यांपासून सुटायला तर वीरुपाक्षनं हे मशीन आणलं होतं.

शेवटी ठरलं, आज हलका लावून बघायचा, उद्या जड. सप्लाय बदलताना आकडा पुसला जाणार, म्हणून दर वेळी वीरुपाक्षनं स्वतः एक डाव खेळून नवा आकडा उभा करायचा. वीरुपाक्षनं दोन्ही दुपारी जागायचं ठरवलं. पण त्याची माय, शांतम्मा, मायाळू बाई. पोराचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. तिनं दोन्ही दिवस पुरणपोळ्या केल्या, वर तुपाची धार, आणि नको नको म्हणताना आणखी एक वाढली. बापलेक ताटावरून उठले ते थेट घोरायलाच लागले.

पहिल्या दिवशी हलक्या सप्लायवर आकडा दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी जड सप्लायवर तो इतका वाढला की पडद्यावर मावेना.

मुंजाजीनं दोन्ही कान खाजवले. "आप्पा, हे माझ्या हाताबाहेरचं हाय. भूतबित आसंल."

"मग काढा बाहेर," चन्नप्पा गरजला. "मुंजाजी, भंगारवाल्याला हाक मार. इरुपाक्षा, ऊठ, तराजू धर."

वीरुपाक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मशीनची वायर काढायला हात घातला.

"थांब रे!" शांतम्मा आतून धावत आली. हात पुरणाच्या हळदीनं पिवळेधमक. तिनं दांड्याची मूठ गच्च धरली आणि नवऱ्याकडं न बघता पोराला म्हणाली, "जडच ऱ्हाऊ दे. काल त्या हलक्यावर लाल विमान आलं की पडदा थरथरायचा, अन् नेमकी तवाच मी मरायचे."