दगड उतरताना

"येतो गं, फुले," खाणीच्या पाळण्यात पाय ठेवताना नवरा म्हणायचा, आणि त्याचा आवाज त्याच्या मागोमाग अंधारात उतरत जायचा. वीस वर्षांपूर्वी एके दिवशी पाळणा रिकामाच वर आला. पंचफुलाच्या कानात ती हाक तेवढी राहिली.

आता खाणीतला कोळसा संपला होता. बंद खाणींत वीज साठवायची आणि तिथली नोकरी आधी खाणीत दगावलेल्यांच्या लेकरांना द्यायची, असा सरकारने कायदा केला. अर्जावर वारस म्हणून आईची सही मात्र हवी. लेक दीक्षा महिनाभर मागे लागली होती. पंचफुलाचं एकच उत्तर, "बायकांचं काम नाही ते."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, दीक्षाने तिला हाताला धरून खाणीच्या तोंडाशी आणलं. जाड दोराला टांगलेला घराएवढा दगड सावकाश खाली निघाला होता.

"आत कोण गेलं वं?" पंचफुलाने लेकीचं मनगट धरलं.

"कोणी नाही, माय. दगडच जातो. दिवसा उन्हाच्या विजेवर तो वर ओढायचा, सांजेला सोडायचा. तो उतरतो तशी गावाला वीज मिळते. मी इथं वरच बसणार, पंख्याखाली. लठ्ठ होईन, तेवढाच धोका!"

दगड उतरत गेला. मागे गावात घराघरांतून उजेड पसरला. पंचफुला बराच वेळ खाली पाहत राहिली, मग तिने पदराने डोळे टिपले.

"कामाचं काही नव्हतं, बाई," ती म्हणाली. "मले भेव वाटत होतं. आण तो कागद."