दुसऱ्या सीझनमध्ये काय बदललं

“पण बदललं काय, तेवढंच सांगा,” वाहिनीच्या मॅडम म्हणाल्या. “तिसऱ्या सीझनलाही तेच घालू.”

लेखिकेने वही उघडून पानं चाळली. ‘सापडलं तर सांगा’ ही मालिका तिचीच. हरवलेल्या वस्तू जमा करणारी एक कचेरी, तिथली चार विक्षिप्त माणसं आणि त्यांचे घोळ. पहिला सीझन सपशेल आपटला होता. दुसरा घराघरांत पोचला. कलाकार तेच, सेट तोच, लेखिका तीच.

दिग्दर्शक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो टेबलाकडे बघत म्हणाला, “जुळून आलं, मॅडम. येतं कधी कधी.”

“पाऊस येतो तसं?” मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर लेखिकेने कारकूनबाईंचं काम करणाऱ्या नटीला गाठलं. “तुला काय वाटतं? लोक एवढे का भुललेत?”

“काय माहीत, ताई. आम्ही आवडतो त्यांना.” नटीने तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. “पाणी घेता का?”

पाण्याचा काय संबंध, ते लेखिकेला कळेना.

शेवटी ती संकलनाच्या खोलीत बसून जुने-नवे भाग पाहू लागली. पहिल्या सीझनमध्ये सगळे एकमेकांची चूक पकडायला टपलेले. टोमण्याला टोमणा, शेराला सव्वाशेर. दुसऱ्यात मात्र कुणी चुकलं, की बाकीचे ती चूकच खरी मानून पुढे जात. साहेबांनी छत्रीला पेटी म्हटलं. शिपायाने निमूटपणे ‘पेटी, काळी’ अशी नोंद केली, आणि कारकूनबाई तिचं कुलूप शोधायला लागल्या. पाहताना तिलाच हसू आलं.

हे तिने लिहिलंच नव्हतं. तिच्या आठवणीप्रमाणे त्या प्रसंगात कडाक्याचं भांडण होतं.

“ही वाक्यं कुणाची?” तिने भावाला विचारलं.

“तुझीच, ताई.”

“माझी नाहीत.”

“सेटवर इकडचं तिकडे होतंच की.” तो उठून खिडकीपाशी गेला. “चांगलं झालंय ना? मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी ती तालमीला कोपऱ्यात बसून राहिली. साहेबांचं काम करणारे नाना, कंपनीतले सगळ्यात वयस्कर नट, तिने लिहून दिलेल्या कागदाकडे बघत मध्येच थांबले. मग भलतंच काहीतरी बोलले. शिपायाने ते झेललं, नटीने पुढे नेलं. कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाना विसरायला लागलेत! सगळे मिळून म्हाताऱ्याला सांभाळून घेताहेत, आणि तीच माया पडद्यावर उतरतेय.

तिला भरून आलं. पण रागही आला. असं किती दिवस चालणार? एक दिवस सगळ्यांसमोर त्यांची फजिती होईल.

“नाना, आज तुमच्याकडे येते,” तालीम संपल्यावर ती म्हणाली. “बोलायचंय.”

नानांनी भावाकडे पाहिलं. भावाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातात ठेवला. म्हणजे किल्ल्याही विसरतात, ती मनात म्हणाली.

दोघं गाडीने निघाली. दारापाशी नानांना कुलूप उघडेना. ही किल्ली लाव, ती लाव. तिने जुडगा घेतला आणि पहिल्याच झटक्यात दार उघडलं. स्वयंपाकघरात तर त्यांनी साखरेसाठी सगळे डबे पालथे घातले. तिचा हात आपसूक वरच्या फळीवरच्या निळ्या बरणीकडे गेला. काय ही अवस्था! तिने चहा गाळला, कप त्यांच्यासमोर ठेवला.

“नाना, रागावू नका. तुम्ही वाक्यं विसरता. सगळे तुम्हाला सावरून घेतात.”

नानांनी कप बाजूला सरकवला.

“तुला लक्षात आलं?”

“आलं. लाज वाटून घेऊ नका.”

“लाज कसली गं. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही एकमेकांकडे नीट बघून काम करतोय.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण मला एक सांग. ज्याला सांभाळून घ्यायचं, त्याला ते सांगावं? का चालतंय तसं चालू द्यावं?”

“सांगायलाच हवं,” ती ताडकन म्हणाली. “मायेने असलं तरी अंधारात ठेवणं वाईटच. माणसाला आपलं आपल्याला ठरवता आलं पाहिजे.”

“तुझ्यावर वेळ आली असती, तर तुलाही हेच हवं होतं?”

“म्हणजे काय! त्याशिवाय का तुमच्यापाशी आले?”

नानांनी मान हलवली. डोळे भरले होते त्यांचे. तिलाही मोकळं वाटलं. अवघड होतं, पण बोलून टाकलं एकदाचं. तिने पर्स उचलली.

“निघते मी. भाऊ घरी वाट बघत असेल.”

“तो इकडेच येतोय,” नाना म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली पर्स हळूच काढून घेतली. “बस. छत्रीला पेटी कागदावर तूच लिहिलं होतंस. हे तुझंच घर आहे.”