गुरुवारचा लेप

उत्तमच्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, तेव्हा त्याचे दोन्ही हात प्लॅस्टिकच्या आत होते. अंगभर काळी माती, तिच्यावर प्लॅस्टिक, त्यावर जाड ब्लँकेट आणि सगळ्याला आवळलेले पट्टे. चेहऱ्यालाही मातीच. अळूवडी वाफेला लावावी तसा तो टेबलावर पडला होता. फरक इतकाच, की अळूवडीची पाठ दुखत नाही.

त्याला खरं तर नुसती पाठ रगडून हवी होती. ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात दिवसभर वाकून यंत्रांच्या मोटारी उघडायच्या म्हणजे पाठ राहते कुठे? पण या स्पामध्ये त्याचा रूममेट कामाला होता. वसईचा बेंजामिन.

"स्पा असा डोळे मिटून निवडायचा नसतो," बेंजामिन म्हणाला होता. "आधी सांग, तुझं नेमकं दुखणं काय?"

उत्तमने सगळंच सांगितलं. पाठ सांगितली, गुडघा सांगितला आणि बोलता बोलता रजेचंही सांगितलं. गुहागरला बहिणीच्या बाळाचं उष्टावण होतं. पहिला घास मामाने भरवायचा, आणि मामा हा एकटाच. त्याच्यासाठी मुहूर्त दोनदा पुढे ढकलला. तोवर बाळाला दात आले. परवा त्याने आजोबांच्या ताटातला बोंबील पळवला. घरच्यांच्या हिशेबी ते अजून दुधावरच होतं. इकडे रजा मंजूर करणारे जितेश सर सापडतील तर शपथ! कधी मीटिंग, कधी मस्कत. चुकून समोर आलेच, तर पुण्याचे असूनही "इन्शाल्ला, बघू" म्हणत लिफ्टमध्ये शिरायचे.

बेंजामिनने बराच विचार केला आणि गुरुवार दुपारचा मातीचा लेप ठरवला. तेवढ्यासाठी आज उत्तमने ताप आल्याचं कळवून दांडी मारली होती.

दार उघडलं. शेजारच्या टेबलावर दुसरं गिऱ्हाईक आलं. त्यालाही माती फासली, गुंडाळलं.

"पट्टे घट्ट बांध हां. मागच्या वेळी सैल होते."

आवाज ऐकला आणि गरम मातीत उत्तमला थंडी वाजली. जितेश सर!

त्याने श्वास रोखला. घाबरायचं तसं कारण नव्हतं. दोघेही काळेकुट्ट, चकाकत होते फक्त डोळे. गप्प पडून राहिलं की सुटलो.

"काय उत्तम," बेंजामिन मोठ्याने म्हणाला, "लेप गरम नाही ना वाटत?"

उत्तमने मनातल्या मनात त्याच्या सगळ्या वसईचा उद्धार केला.

शेजारची काळी मान सावकाश वळली. "उत्तम? मेंटेनन्सचा? तुला ताप होता ना?"

नोकरी गेली. पळावं, तर पाय पट्ट्यात. हात जोडावेत, तर हात प्लॅस्टिकात. तोंड तेवढं मोकळं होतं.

"होता, सर. तुम्ही आज मस्कतला मीटिंगमध्ये आहात ना?"

 सर उठायला गेले. टेबल नुसतं करकरलं.

"काय पाहिजे तुला?"

"रजा. मामा आहे मी."

"इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात बघू..."

"सर, इथे लिफ्ट नाहीये."

बेंजामिन न सांगताच सरांचा फोन घेऊन आला. फोनने ते तोंड ओळखायला साफ नकार दिला. बेंजामिनने ओल्या टॉवेलने कपाळ पुसलं. फोनला पटेना. नाक पुसलं, गाल पुसले. हनुवटीपर्यंत आल्यावर फोनची खात्री पटली, की हे साहेबच आहेत.

"त्याच्या रजेच्या अर्जाखालचं हिरवं बटण," सर हताशपणे म्हणाले. "दाब, आणि माझं नाक खाजव."

बेंजामिनने दोन्ही कामं केली.

सोडताना त्याने आधी सरांना सोडलं. साहेबच ते. ते कोणाकडेही न बघता निघून गेले. मग तो उत्तमचे पट्टे काढू लागला.

"अक्कल आहे का तुला?" उत्तम उसळला. "त्यांच्यासमोर माझं नाव घेतोस? आणि हा कसला लेप? पाठ होती तशीच ठणकतेय!"

"ठणकणारच," बेंजामिन शांतपणे म्हणाला. "पाठीला तेल लागतं, गुडघ्याला वाफ. पण तुझे सर दर गुरुवारी लेपालाच येतात."