हात धुवायला गेलाय

"उठा आता काका. तिसऱ्यांदा सांगतोय," बारमालक म्हणाला.

दुपारचे साडेतीन वाजले होते. खुर्च्या उलट्या होऊन टेबलांवर चढल्या होत्या. कोपऱ्यातल्या दोन तेवढ्या खाली होत्या. एकीवर म्हातारा बसला होता, दुसरी रिकामी. टेबलावर अर्धवट प्यायलेले दोन ग्लास.

"मुलगा हात धुवायला गेलाय. तो आला की निघालोच."

मुलगा दीड तास हात धूत होता! बाथरूमला ना खिडकी, ना दुसरं दार. मालकाने गल्ल्यातल्या जादा किल्लीने दोनदा उघडून पाहिलं होतं. बेसिन कोरडं, फरशी कोरडी. दुपारी बार बंद असे तेवढीच मालकाची झोप, आणि ती मोडली की हा माणूस सख्ख्या भावालाही ओळखत नसे. त्याने पोलिसांना फोन केला.

आलेला हवालदार पोटाने मोठा आणि स्वभावाने गरीब होता. "एकदा माझ्यासमोर सांगा," तो मालकाला म्हणाला. "तरी नाही उठले, तर गुन्हा होतो."

मालकाने सांगितलं. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. तो घाबरला होता, हे कुणालाही दिसलं असतं.

"साहेब, एकदा मी थांबलो नव्हतो," तो म्हणाला. "परत तसं नाही करणार."

हवालदाराने वेटरकडे पाहिलं. "हे एकटेच आले होते ना?"

"दोन ग्लास मीच ठेवले," वेटर म्हणाला. "दुसरा कुणासाठी ठेवला, तेच आठवत नाही." मग काउंटरमागच्या खिळ्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "मालक, ठोकळा नाहीये."

बाथरूमची रोजची किल्ली एका लाकडी ठोकळ्याला बांधलेली असे, गिऱ्हाइकाने चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून. जो आत जाई तो ठोकळा घेऊन जाई, आणि आला की खिळ्याला अडकवी. खिळा रिकामा होता. दोन्ही वेळा जादा किल्ली वापरल्यामुळे मालकाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"पडला असेल कुठेतरी. तू तोंड बंद ठेव."

शेवटी हवालदाराने म्हाताऱ्याची बोटं एकेक करून सोडवली. दारात म्हातारा वळला.

"तो आला की त्याला एवढं सांगा. मी गेलो नाही. मला नेलं."

"सांगतो की! हार घालून सांगतो," मालक म्हणाला.

वेटरला घरी पाठवून त्याने दाराला आतून कडी घातली. बाथरूममध्ये आणखी एकदा डोकावून कुलूप लावलं, कोपऱ्यातल्या दोन्ही खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या आणि बाकावर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच टपटप ऐकू आलं. आधी त्याला नळ वाटला. मग कळलं, आवाज काउंटरमागून येत होता.

ठोकळा खिळ्याला होता. अजून हलत होता, आणि त्यातून पाणी गळत होतं.

दाराची कडी घातलेलीच होती. कोपऱ्यातली एक खुर्ची खाली उतरली होती.

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. पळायचं म्हटलं तर त्या खुर्चीजवळूनच जावं लागणार होतं. "ते गेले नाहीत हो," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. अहोजाहो आपोआप आलं. "मी... त्यांना पोलीस घेऊन गेले. चुकलं माझं."

कडी सरकली, दार उघडलं आणि हळूच पुन्हा लागलं.

बराच वेळ तो त्या दाराकडे बघत राहिला. मग त्याने चौकीला फोन लावला.

"तक्रार मागे घ्यायचीय," तो म्हणाला.

"उत्तम," हवालदार म्हणाला. "तसंही आत्ताच सोडलं त्यांना. मुलगा आला ना न्यायला. म्हातारबुवा लहान पोरासारखे रडले हो. त्याचा हात सोडायलाच तयार नव्हते."

मालकाने ठोकळ्याकडे पाहिलं.

"पण सही करताना माझ्या रजिस्टरचं पान पार भिजवलं त्याने," हवालदार पुढे म्हणाला. "अहो, तुमच्या बाथरूममध्ये साधा टॉवेल ठेवत नाही का तुम्ही?"