अनावश्यक हालचाल

लिगाया फिलिपिन्समधल्या आपल्या घरी हातमोजे चढवून बसली होती. ती आपले हात हलवेल तसे हँबर्गच्या वॉर्डात यंत्राचे दोन हात हलत होते. नर्सच्या परदेशी परवान्याची परीक्षा आता अशीच होई, आणि पुढे नोकरीही.

तिने तिथल्या खाटेवरच्या हेल्गाआजींना अलगद इंजेक्शन दिलं. मग सवयीने, घरच्या वडीलधाऱ्यांचा घेते तसा, त्यांचा हात उचलून कपाळाला लावायला ती वाकली. यंत्राला कपाळ नव्हतं. आजींचा हात हवेतच राहिला.

"हे काय?" परीक्षकाने विचारलं.

"हा नमस्कार आहे, सर. मोठ्यांना आम्ही असाच करतो."

"अनावश्यक हालचाल. नापास."

पुढची मुलगी मनिलाची होती. इंजेक्शन झाल्यावर आजींनी आपणहून हात वर धरला. मुलीला त्याचा अर्थ कळला. तिने तो हात हळूच पांघरुणाखाली सरकवला.

ती पास झाली.