सकाळचा नमुना

पट्टीवरचा फिकट रंग बघता बघता गडद तपकिरी झाला. बाईंनी दुसरी पट्टी बुडवली. तीही तशीच. लघवीत साखर होतीच, शिवाय प्रथिनंही जात होती.

बावीस वर्षं बाई या प्रयोगशाळेत लोकांची थुंकी, लघवी आणि रक्त हाताळत होत्या. किळस त्यांनी पहिल्याच आठवड्यात गिळून टाकली होती. शरीर म्हटलं की घाण आलीच, असं त्या नव्या मुलींना सांगत.

बाहेर बाकावर साहेब बसले होते. वय एकोणसाठ. निवृत्तीनंतर आणखी दोन वर्षं खुर्ची मिळत होती, फक्त तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला हवा होता. केस काळेभोर रंगवलेले, बूट चकचकीत. नमुन्याची बाटली त्यांनी घरूनच भरून आणली होती. ती देताना ते हल्लीच्या तरुण पोरांवर घसरले होते. रात्रभर जागायचं, दुपारी उठायचं, डब्यातलं थंडगार खायचं. आपल्या थोरल्याचंच बघा म्हणाले, अठ्ठाविसाव्या वर्षी जिना चढताना धापा टाकतो आणि दिवसभर पाण्याची बाटली तोंडाला लावून बसतो. आपण मात्र रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो. बाईंनी नुसती मान हलवली होती.

आता त्यांनी साहेबांना आत बोलावून खुर्ची दिली. अशी बातमी उभ्या माणसाला सांगायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. जमेल तेवढ्या हळुवारपणे त्यांनी सांगितलं, की साखर फार वाढली आहे, मूत्रपिंडालाही धक्का बसला असावा, आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.

साहेब हसले. मग दाराकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? हे माझं नाहीच. मला साखर आहे दहा वर्षांपासून. म्हणून थोरल्याचं आणलं. तरुण पोरगा, म्हटलं त्याचं स्वच्छ असणार. त्याला सांगितलं, त्याच्याच विम्याला लागतंय."

बाईंनी बाटलीकडे पाहिलं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर साहेबांचं नाव, साहेबांचं वय, आणि आत त्या पोराचं दुखणं. त्याची ती तहान, त्या धापा. लबाडीबद्दल बोलायला नंतर वेळ होता.

"साहेब, दाखला राहू द्या. मुलाला गाठा आधी. हे उद्यावर टाकण्यासारखं नाही. त्याचा जीव धोक्यात आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. ते रुमालाने मान पुसत राहिले. पंख्याखाली बसूनही घाम थांबत नव्हता. शेवटी बापच तो, बाईंच्या मनात आलं. त्यांनी पेलाभर पाणी पुढे केलं. साहेबांनी ते घोट घोट प्यायलं, पेला खाली ठेवला आणि नमुने किती वाजेपर्यंत घेता म्हणून विचारलं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. पाचपर्यंत, त्या म्हणाल्या, पण तुमच्यासाठी मी सहापर्यंत थांबेन.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि उठले.

"मग धाकट्याचं आणून देतो."